घडविलाही, नाकारलाही : नटाच्या शिक्षणाची ख्रिस्ती कहाणी

फ्रान्सचा थोर नाटककार आणि नट मोलिएर १७ फेब्रुवारी १६७३ रोजी रात्री पॅरिसमध्ये मरण पावला. त्या दिवशी तो रंगमंचावर उभा होता. आजारपणाच्या भ्रमाने पछाडलेल्या माणसावर त्याने स्वतःच लिहिलेल्या प्रहसनाचा तो चौथा प्रयोग होता आणि मुख्य भूमिका तोच करीत होता. प्रयोग कसाबसा पार पडला. घरी नेल्यावर प्रकृती झपाट्याने ढासळली, तेव्हा धर्मगुरूंना बोलावणे गेले. धर्मग्रामातील दोन धर्मगुरूंनी येण्यास नकार दिला. तिसरे आले, पण तोवर उशीर झाला होता. नटाने आपल्या व्यवसायाचा त्याग केल्याखेरीज त्याला अंतिम संस्कार नाहीत आणि पवित्र भूमीत दफनही नाही, असा त्या काळच्या फ्रेंच ख्रिस्तसभेचा दंडक होता. मोलिएरच्या पत्नीने पॅरिसच्या आर्चबिशपांकडे अर्ज केला, राजा चौदावा लुई याच्यापुढे पदर पसरला, तेव्हा कोठे परवानगी मिळाली. तीही कसलाही थाट न करता, अंधार पडल्यावर दफन उरकावे या अटीवर. २१ फेब्रुवारीच्या रात्री तो विधी झाला.

ही कथा नाट्येतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत आढळते. तिचा पूर्वार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. ज्या मोलिएरला मरणसमयी ख्रिस्तसभेचे दार ठोठावावे लागले, त्याचे शिक्षण ख्रिस्तसभेच्याच शाळेत झाले होते. पॅरिसचे क्लेरमाँ महाविद्यालय येशूसंघीय धर्मगुरू चालवीत. तेथे नाटक हा मुलांच्या अभ्यासाचा भाग होता. एका हाताने घडविले आणि दुसऱ्या हाताने नाकारले, असे हे झाले. या विसंगतीचा उगम कशात होता आणि तिच्यापासून आपण काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नटाविषयीचा संशय ख्रिस्तसभेला जन्मजात नव्हता, असे म्हणता येत नाही. पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोकांना रंगभूमी म्हणजे काय, हे रोमन साम्राज्यात पाहावयास मिळाले. तेथील रंगमंचावर देवदेवतांची हिडीस प्रहसने होत, स्त्रीदेहाचे प्रदर्शन होई आणि ख्रिस्ती श्रद्धेची यथेच्छ टिंगल होई. रोमन कायद्यानेही नटाला कलंकित ठरवून त्याचे काही नागरी हक्क काढून घेतले होते. अशा वातावरणात इ.स. ३१४ साली आर्ल येथे धर्मसभा भरली. जोवर नट हा धंदा करीत आहे तोवर त्याला पवित्र कम्युनियनपासून दूर ठेवावे, असे तिने ठरविले. तो नियम त्या काळाला धरून होता. दोष पुढच्या काळाचा. रोमन रंगभूमी लयाला गेली, तरी नियम मागे उरला आणि शतकानुशतके नव्या, निराळ्या नटांना लागू होत राहिला.

तरीसुद्धा याच ख्रिस्तसभेने एका नटाला संतपद देऊन आपल्या वेदीवर बसविले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. संत जेनेसियस हा रोममधील नट होता, असे परंपरा सांगते. सम्राट डायोक्लेशियनच्या काळात तो रंगमंचावर बाप्तिस्म्याची टवाळी करणारे सोंग वठवीत होता. सोंग करता करता त्याच्या अंतःकरणात खरीच श्रद्धा जागी झाली आणि तेथेच त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे जाहीर केले. त्याचा शिरच्छेद झाला. या कथेचा ऐतिहासिक आधार तुटपुंजा असला, तरी २५ ऑगस्ट हा त्याचा सण आहे आणि नटांचा आश्रयदाता म्हणून त्याची प्रार्थना केली जाते. या कथेत एक खोल जाणीव आहे. माणूस जे पुन्हापुन्हा करून दाखवितो, ते त्याच्या आत शिरते. नाट्यशिक्षणाचा पुढचा सारा इतिहास या एका जाणिवेभोवती फिरतो.

मध्ययुगात नाटकाने पुन्हा जन्म घेतला, तोही चर्चच्या वेदीपाशी. दहाव्या शतकात इंग्लंडमधील मठांसाठी एक नियमावली तयार झाली. तीत पुनरुत्थानाच्या सणाच्या पहाटेच्या उपासनेसाठी काही सूचना आहेत. एका संन्याशाने पांढरा झगा घालून, हातात झावळी घेऊन कबरेपाशी शांत बसावे. तिघांनी धूपदाण्या घेऊन, काहीतरी शोधीत असल्याप्रमाणे, पावलागणिक थबकत यावे. बसलेल्याने हळुवार, मधुर स्वरात विचारावे, ‘कोणाला शोधता?’ कबर रिकामी असल्याचे दाखवून मग सर्वांनी आनंदाने गावे. बसलेला संन्यासी म्हणजे देवदूत आणि ते तिघे म्हणजे कबरेकडे निघालेल्या स्त्रिया. कसे बसावे, कसे चालावे, कोणत्या स्वरात बोलावे, हे सांगणारा हा मजकूर म्हणजे नटासाठी लिहिलेल्या सूचनाच होत. फरक इतकाच, की ज्यांच्यासाठी त्या लिहिल्या, ते स्वतःला नट समजत नव्हते. ते प्रार्थना करीत होते.

मात्र नटाचे शिक्षण पद्धतशीर, वर्गवार आणि पिढ्यान्‌पिढ्या चालावे, ही सोय केली ती येशूसंघाने. संत इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या या संघाला १५४० साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांचे विद्यालय सुरू झाले. १७७३ पर्यंत त्यांच्या शिक्षणसंस्थांची संख्या सातशेच्या वर गेली होती. या सर्व शाळांसाठी १५९९ साली एकच शिक्षणसंहिता लागू करण्यात आली. तिच्यात नाटकाविषयी जे लिहिले आहे, ते वरवर पाहता फारसे उत्साहवर्धक नाही. नाटके लॅटिनमध्येच असावीत, क्वचितच व्हावीत, विषय पवित्र असावा, स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेश नसावा, असा तो कडक नियम आहे.

परंतु त्याच संहितेत वक्तृत्वाच्या वर्गासाठी दिलेल्या सूचना वाचल्या, म्हणजे चित्र पालटते. एक शनिवार आड विद्यार्थ्याने वर्गातील व्यासपीठावरून भाषण किंवा काव्य म्हणून दाखवावे. महिन्यातून एकदा मोठ्या दालनात किंवा चर्चमध्ये सर्वांसमोर बोलावे. शिक्षकांनी अधूनमधून एखादा छोटा विषय देऊन मुलांकडून नाट्यप्रवेश लिहून घ्यावा. त्यांतील उत्तम प्रवेश निवडून, भूमिका वाटून, कसलीही वेशभूषा किंवा सजावट न करता तो वर्गातच करवून घ्यावा. आजच्या नाट्यविद्यालयांत रिकाम्या खोलीत जी प्रवेशांची तालीम होते, तिचे वर्णन चारशे वर्षांपूर्वीच्या शालेय नियमात वाचावयास मिळते, हे आश्चर्यच.

आणि ‘क्वचितच’ हा शब्द तर लवकरच कागदावर राहिला. वार्षिक पारितोषिक समारंभाला नाटक हवेच, अशी प्रथा पडली. वक्तृत्वाच्या शिक्षकाने ते लिहावयाचे, मुलांकडून बसवून घ्यावयाचे आणि साऱ्या शहराने पाहावयास यावयाचे. लॅटिन न जाणणाऱ्या आईवडिलांना कथा समजावी, म्हणून जर्मनीत तिचा सारांश छापून वाटीत, तोही बहुधा तेथील लोकभाषेत. स्पेनचा काल्देरॉन, फ्रान्सचे कॉर्नेय, मोलिएर आणि व्होल्टेअर हे सारे येशूसंघीय शाळांचे विद्यार्थी होते.

या शिक्षणाची तपशीलवार पद्धत आपल्याला समजते ती फादर फ्रान्झ लांग यांच्या ग्रंथावरून. म्युनिक येथे त्यांनी अनेक वर्षे शाळेतील नाटके बसविली. १७२५ साली त्यांचे निधन झाले आणि रंगमंचावरील अभिनयाविषयीचा त्यांचा लॅटिन ग्रंथ १७२७ मध्ये प्रसिद्ध झाला. उभे राहताना दोन्ही पावले समांतर ठेवू नयेत, एकाचा रोख एका दिशेला आणि दुसऱ्याचा दुसऱ्या दिशेला असावा, असे ते सांगतात. हात लुळे सोडू नयेत. कोपर शरीरापासून किंचित दूर ठेवावे. मुख प्रेक्षकांना दिसत राहिले पाहिजे, मग बोलणे सहनटाशी का असेना. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाव शब्दाच्या आधी उमटला पाहिजे. उत्तर ओठांवर येण्यापूर्वी ते नटाच्या डोळ्यांत आणि देहात दिसावे. कारण प्रेक्षक आधी पाहतो आणि मग ऐकतो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा ज्यांना थोडाफार परिचय आहे, त्यांना हे वाचून आपल्या घरचेच कोणी भेटल्यासारखे वाटेल. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असा चतुर्विध अभिनय भरतांनी सांगितला. म्युनिकच्या या धर्मगुरूंनी त्या ग्रंथाचे नावही ऐकले नसेल. तरीही देहाला वळण लावल्याखेरीज भाव प्रकट होत नाही, या एकाच निष्कर्षाशी दोघे पोहोचले. आणखी एक साम्य खेदाचे आहे. भरताच्या पुत्रांनी ऋषींची थट्टा केली, म्हणून ऋषींनी त्यांना हीन होण्याचा शाप दिला, अशी कथा नाट्यशास्त्राच्या अखेरीस येते. नाट्याला पाचवा वेद म्हणावे आणि नटाला मात्र शापित मानावे, ही रीत एकट्या युरोपची नव्हे. ‘नाटकी’ हा शब्द आपण आजही शिवीसारखाच वापरतो.

येशूसंघाने इतका खटाटोप कशासाठी केला? त्यांना व्यावसायिक नट घडवावयाचे नव्हते. वकील, अधिकारी, राजदूत, धर्मगुरू घडवावयाचे होते. चारचौघांत उभे राहून स्पष्ट बोलता यावे, स्मरणशक्ती तल्लख व्हावी, अंगी डौल यावा, हा व्यावहारिक हेतू होताच. पण त्याहून खोल हेतू संत इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधने’त दडलेला आहे. १५४८ मध्ये मान्यता मिळालेल्या त्या पुस्तिकेत साधकाला सांगितले आहे, की शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बेथलेहेमचा रस्ता किती लांब आहे, गुहा किती उंच आहे, हे पाहा; तेथील माणसे काय बोलतात ते ऐका; गंध घ्या, चव घ्या, स्पर्श करा. विसाव्या शतकात रशियाचे स्तानिस्लावस्की यांनी नटाला पंचेंद्रियांच्या स्मृतीतून भूमिकेत शिरावयास शिकविले. दोघांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि, कल्पनेने इंद्रिये जागविली म्हणजे अंतःकरण हलते, ही जाण त्या संताजवळ होती आणि त्याच्या शिष्यांनी ती रंगमंचावर नेली.

तिचा प्रत्यय येणारा एक प्रसंग नमूद आहे. फादर याकोब बिडरमान यांचे ‘सेनोडोक्सस’ हे नाटक १६०२ साली आउग्सबुर्ग येथे आणि १६०९ साली म्युनिक येथे झाले. पॅरिसमधील एक महापंडित जगाच्या दृष्टीने पुण्यवान, पण आतून गर्वाने पोखरलेला. मृत्यूनंतर त्याच्या आत्म्याचा न्याय होतो आणि त्याला नरकाची शिक्षा होते. १६६६ साली बिडरमान यांची नाटके छापली गेली. त्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत म्हटले आहे, की म्युनिकचा प्रयोग पाहून दरबारातील चौदा बडी मंडळी आध्यात्मिक साधनेसाठी एकांतवासात गेली. आणि पंडिताची भूमिका करणारा तरुण पुढे येशूसंघात दाखल झाला. जेनेसियसची कथा या शाळेत पुन्हा घडली, असेच म्हणावे लागेल.

असे असता मोलिएरच्या वाट्याला ती रात्र का आली? कारण शाळेने कला शिकविली, पण त्या कलेवर पोट भरणाऱ्याला आपला मानले नाही. पारितोषिक समारंभात टाळ्या घेणारा मुलगा पुढे न्यायाधीश झाला, तर शाळेचे भूषण. नट झाला, तर धर्मग्रामाचे लांछन! मोलिएरनंतर सत्तावन्न वर्षांनी, १७३० मध्ये, विख्यात अभिनेत्री आद्रिएन लकुव्रर हिला दफनच नाकारण्यात आले. तिचा देह रात्री नेऊन सेन नदीकाठच्या ओसाड जागेत चुन्यात पुरला. व्होल्टेअरने त्या अन्यायावर जळजळीत कविता लिहिली. तो स्वतः त्याच क्लेरमाँच्या, म्हणजे पुढे लुई-ल-ग्रां झालेल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. तेथे त्याला शिकविणारे फादर पोरे स्वतः नाटके लिहीत. ख्रिस्तसभेवर त्याने जन्मभर जी टीका केली, तिची कारणे अनेक होती; पण मैत्रिणीच्या देहाची ही विटंबना त्याला कधी विसरता आली नसावी. फ्रान्समध्ये नटांना पूर्ण नागरी हक्क मिळाले ते १७८९ च्या डिसेंबरात, राज्यक्रांतीच्या राष्ट्रसभेकडून. जे ख्रिस्तसभेने आपणहून द्यावयाचे, ते दुसऱ्यांनी दिले.

याहून निराळा मार्ग उपलब्ध नव्हता काय? होता, आणि तोही कॅथलिक देशातच. स्पेनमध्ये माद्रिदची पहिली कायमस्वरूपी नाट्यगृहे १५७९ आणि १५८३ साली उभी राहिली, ती धर्मबंधुसंघांनी चालविली. तिकिटांच्या पैशांतून गोरगरिबांची रुग्णालये चालत. १६३१ मध्ये नटांनी स्वतःचा धर्मबंधुसंघ स्थापन केला आणि माद्रिदच्या सान सेबास्तियान चर्चमध्ये पवित्र मरियेच्या नावाने त्याचे कार्य सुरू झाले. ख्रिस्तशरीराच्या सणाला रस्त्यांतून जी धर्मनाट्ये होत, ती व्यावसायिक नट करीत. त्यांतील कित्येक नाटके लिहिणारा काल्देरॉन १६५१ साली धर्मगुरू झाला. तेथेही नाटकांवर टीका करणारे होते, मधूनमधून बंदीही येई. पण नटाला वेदीपाशी जागा होती. फ्रान्स आणि स्पेन यांची श्रद्धा एकच होती. फरक श्रद्धेत नव्हता, वागणुकीत होता.

१७७३ साली पोपमहोदयांनी येशूसंघ विसर्जित केला आणि हजारो मुलांना रंगमंचावर उभे करणाऱ्या त्या शाळा बंद पडल्या किंवा दुसऱ्यांच्या हाती गेल्या. १८१४ मध्ये संघाचे पुनरुज्जीवन झाले खरे, पण तोवर काळ बदलला होता. पॅरिसमध्ये १७८६ साली राजाश्रयाने अभिनयाचे स्वतंत्र वर्ग सुरू झाले आणि लंडनमध्ये १९०४ साली नाट्यशिक्षणाची प्रख्यात अकादमी निघाली. नट घडविण्याचे काम आता वेगळ्या विद्यालयांकडे गेले. शाळेतील नाटक मात्र उरले आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो.

इब्राहिम अल्काझी यांचा जन्म १९२५ साली पुण्यात एका अरब व्यापारी कुटुंबात झाला. पुण्यातील सेंट व्हिन्सेंट ही शाळा आणि मुंबईचे सेंट झेवियर महाविद्यालय या दोन्ही येशूसंघीय संस्थांत ते शिकले. सुलतान पदमसी यांच्या ‘थिएटर ग्रुप’मध्ये ते रमले आणि नंतर लंडनच्या त्या अकादमीत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. १९६२ पासून १९७७ पर्यंत अल्काझी त्याचे संचालक होते. आवाज, देह, वाचन, वेशभूषा, प्रकाशयोजना, इतकेच काय पण रंगमंच झाडण्याची शिस्तसुद्धा त्यांनी विद्यार्थ्यांच्या अंगी बाणविली. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी ही त्यांच्या काळातील विद्यार्थीमंडळी. अल्काझींच्या कर्तृत्वाचे श्रेय त्यांच्या शाळेला देण्याची घाई आपण करू नये. ते कर्तृत्व त्यांचे स्वतःचे होते. पण मुस्लिम घरातील एक मुलगा ख्रिस्ती शाळेत शिकतो आणि पुढे साऱ्या भारताला नाट्यशिक्षण देतो, यात त्या शाळांच्या उदार दाराची साक्ष निश्चित आहे. २०२० साली अल्काझी निवर्तले.

घडविणे आणि नाकारणे यांतील जुना दुरावा विसाव्या शतकात एका माणसाच्या आयुष्यात भरून निघाला. कारोल वोयतिवा हा पोलंडमधील तरुण १९३८ साली क्राकोच्या विद्यापीठात भाषा आणि साहित्य शिकावयास आला. शाळेत असल्यापासून तो नाटकांत कामे करी. १९३९ मध्ये नाझी फौजांनी देश व्यापला, विद्यापीठ बंद पडले. वोयतिवा खाणीत आणि कारखान्यात राबू लागला. १९४१ साली त्याचे गुरू मिएचिस्लाव कोत्लार्चिक यांनी क्राकोमध्ये गुप्तपणे एक नाट्यसंस्था सुरू केली. पोलिश संस्कृतीच पुसून टाकावयास निघालेल्या सत्तेच्या नाकासमोर, लोकांच्या घरी, दिवाणखान्यात प्रयोग होत. पकडले गेले तर छळछावणी ठरलेली. नेपथ्य नाही, वेशभूषा जवळजवळ नाही, केवळ शब्द. शब्दाचे वजन कसे पेलावे, विराम कोठे घ्यावा, आवाजात खोटेपणा कसा येऊ देऊ नये, याची कठोर तालीम कोत्लार्चिक देत.

१९४२ साली हा तरुण गुप्तपणे चालणाऱ्या सेमिनरीत दाखल झाला, तेव्हा गुरूंनी त्याचे मन वळविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. रंगभूमी हीदेखील सेवाच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शिष्याने ऐकले नाही. १९४६ मध्ये तो धर्मगुरू झाला आणि १९७८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल. लाखोंच्या समुदायासमोर त्यांचे ते सावकाश, ठाम बोलणे आणि अर्थपूर्ण स्तब्धता ज्यांनी १९८६ च्या भारतभेटीत अनुभवली, त्यांनी क्राकोच्या त्या दिवाणखान्यातील तालमीचे फळच पाहिले. १९९९ च्या पुनरुत्थान सणाला त्यांनी जगातील कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले. कलावंताच्या कामात विश्वनिर्मात्याच्या निर्मितीचे प्रतिबिंब पडते, असा त्या पत्राचा आशय आहे. आर्लच्या धर्मसभेपासून या पत्रापर्यंत सोळाशे पंच्याऐंशी वर्षांची वाटचाल झाली होती.

या इतिहासाचा आपल्या धर्मग्रामांशी काय संबंध? संबंध अगदी घरगुती आहे. आपल्याकडे नाताळच्या कार्यक्रमात मेंढपाळ झालेल्या मुलाचे आपण कौतुक करतो. पवित्र सप्ताहात येशूच्या दुःखसहनाचा देखावा करणाऱ्या तरुणांना शाबासकी देतो. सणाच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसतो. पण त्याच मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर नाट्यशिक्षण घ्यावयाचे आहे असे म्हटले, की घरात सुतकी शांतता पसरते. पोटापाण्याची काळजी खरी असते आणि ती आईबापांनी करावी, हे योग्यच. या व्यवसायात कामाची शाश्वती नाही, मोह पुष्कळ आहेत, हेही खरे. पण काळजी वेगळी आणि कमीपणा मानणे वेगळे. काळजी असेल, तर आपण शिक्षणाची चौकशी करू, शिष्यवृत्ती शोधू, मुलाला सोबत देऊ. कमीपणा मानला, तर आपणही मोलिएरच्या त्या धर्मग्रामासारखे दार लावून घेऊ.

त्याचबरोबर, रंगमंचावर कधीही न जाणाऱ्या मुलांसाठीही या जुन्या शाळांचा एक धडा आहे. एक शनिवार आड उभे राहून बोलण्याची ती सवय धर्मशिक्षणाच्या वर्गात आणणे अवघड नाही. मिस्साबलिदानाच्या वेळी आपल्या वेदीवरून वाचन होते, तेव्हा देवाचा शब्द पुष्कळदा पुटपुटला जातो; वाचणाऱ्याने तो आधी घरी मोठ्याने वाचलेला नसतो. फादर लांग सांगत होते, की भाव शब्दाच्या आधी उमटला पाहिजे. म्हणजेच वाचणाऱ्याला आधी ते समजले पाहिजे, भिडले पाहिजे. चार जाणत्या माणसांनी धर्मग्रामातील तरुणांना महिन्यातून एकदा वाचन, उच्चार आणि छोटे प्रवेश यांची तालीम दिली, तर तिचा लाभ वेदीलाही होईल आणि रंगमंचालाही. त्यांतून एखादा खरोखर नट होऊन मोठ्या शहरात गेला, तर त्याच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्याच्यासाठी आपल्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण व्हावी. धर्मगुरूंनी वेदीवरून त्याचे नाव घ्यावे आणि ते ऐकून त्याच्या आईला मान खाली घालावी लागू नये.